जेवण वाढले आहे

मित्रांनो, गल्लीत वळलात की जरा मान वर करा. साखळीला लटकलेली, एक कोपरा झिजलेली, दोन्ही बाजूंनी बोलणारी जी जुनी पाटी दिसेल ना, ती मीच! हल्ली लोक माझे फोटो काढतात. खोटं कशाला सांगू, मला फार आवडतं.

पण मी जन्माची पाटी नाही बरं का. मूळची मी कपाटाचं दार. कपाट मोडलं, दार तेवढं शाबूत राहिलं. घरात एक पेंटर होता. गावभरच्या दुकानांच्या पाट्या तो रंगवायचा आणि त्याच्या स्वतःच्या घरच्या खाणावळीचं दार कोरं! त्याची बायको, जिला अख्खी गल्ली वहिनी म्हणते, रोज टोमणे मारायची. "जगाला नावं देत फिरता, आपल्या घराचं काय?" शेवटी पेंटरने मला पॉलिश पेपरने घासलं. अंगाला अशा गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! मग पिवळा रंग दिला आणि लाल अक्षरांत लिहिलं, 'जेवण तयार आहे'.

एक बाजू झाली. भांडण लागलं ते दुसऱ्या बाजूवरून.

वहिनी म्हणाली, "मागे लिहा, 'जेवण संपले'. दुपारी लोक उगाच आत येऊन बसतात."

तेवढ्यात झारा हातात घेऊन ताई बाहेर आली. ताई म्हणजे पेंटरची थोरली बहीण. खाणावळीतला सगळा स्वयंपाक तिच्याच हातचा. "माझ्या स्वयंपाकघरात 'संपलं' हा शब्द चालायचा नाही! मीठ संपलं म्हणतो का आपण? मीठ वाढलं म्हणतो. 'वाढले'च लिही."

"अहो वन्सं, लोकांना वाटेल ताटात वाढलंय!"

"वाटू दे. भुकेल्या माणसाला चांगलंच वाटेल."

इकडे बायको, तिकडे बहीण. बिचारा पेंटर! इकडे आड, तिकडे विहीर. अखेर ताईचा झारा जिंकला आणि माझ्या पाठीवर अक्षरं उमटली, 'जेवण वाढले आहे'. म्हणजे काय, तर संपलं आहे. गल्लीला ते ठाऊक होतं. वहिनी मात्र मला उलटी करताना दरवेळी "काय बाई ही पाटी!" म्हणून नाक मुरडायची.

मित्रांनो, काय दिवस होते ते! बसस्टँड गल्लीच्या तोंडाशीच होता. प्रवासी बॅगा सावरत यायचे, मला वाचायचे आणि त्यांचे चेहरे असे खुलायचे! "अगं, इथे बघ, जेवण तयार आहे!" अशी आनंदाने मारलेली आरोळी ऐकली की मी वारा नसतानाही डोलायची. पंधरा वर्षं मी माणसांना घासापर्यंत पोहोचवलं.

मग बसस्टँड मोठ्या रस्त्याला गेला आणि पाठोपाठ प्रवासी गेले. नवे प्रवासी फोनमध्ये तारे मोजून हॉटेल शोधू लागले. आमच्या नावावर एकही तारा नव्हता. फोनवाल्यांना आमची गल्लीसुद्धा ठाऊक नव्हती! माझा रंग उडाला, कोळ्याने माझ्या कोपऱ्यात घर केलं, आणि मला पुसायला कोणाला सवडही नव्हती, मनही नव्हतं. आत चार बाकं असायची आणि तीन गिऱ्हाईकं. शिंपी, पोस्टमन आणि घड्याळवाला.

एका शनिवारी सकाळी वहिनी ताईला म्हणाली, "आजचा शेवटचा दिवस, वन्सं. बाकं शाळेला देऊन टाकू. सोमवारपासून तुम्ही त्या कारखान्याच्या कँटीनला रुजू व्हा." ताई खाली बसून कांदे चिरत राहिली. एरवी तिच्या तोंडाला कोणी लागत नसे, आणि आज तिने मानही वर केली नाही! मला फार वाईट वाटलं. संध्याकाळी मलाही उतरवणार होते.

शेवटचं जेवण म्हणून तिन्ही गिऱ्हाईकं वेळेआधीच हजर झाली आणि पोटाला तडस लागेपर्यंत जेवली. एक वाजायच्या आत पातेली रिकामी! घरच्या तिघांची ताटं तेवढी झाकून ठेवली होती. वहिनीने मला उलटं केलं. 'जेवण वाढले आहे'.

आणि आता ऐका! अजून आठवलं तरी माझी साखळी थरथरते.

त्याच वेळी मोठ्या रस्त्यावर एक काका, काकू आणि त्यांच्या दोन पुतण्या भुकेने कावली होती; हे मला पुढे काकांच्याच गप्पांतून कळलं. काकांना पुतण्यांनी नाव ठेवलं होतं खाऊकाका. कुठल्याही गावात गेले की तिथलं खरं जेवण शोधायचा त्यांना भारी नाद. पण या सफरीत नशीब रुसलं होतं. तीन दिवसांत तीन चकचकीत हॉटेलं झाली आणि तिन्हीकडे नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! काकूंनी बजावलं होतं, "आता एकदाच. हेही फसलं तर उरलेले दिवस बिस्किटं खायची आणि तुमचं संशोधन बंद!"

काकांनी मग आपली ठेवणीतली युक्ती काढली. चांगलं हॉटेल कुठे आहे, असं ते कधी विचारत नसत. एखाद्या कष्टाच्या माणसाला गाठून विचारत, "तुम्ही स्वतः कुठे जेवता?" समोर दिसला आमचा शिंपी. नुकताच जेवून आलेला, दातांत टाचण्या धरून बसलेला. तोंड उघडता येईना, म्हणून त्याने अंगठ्याने गल्ली दाखवली.

आणि ते आले! थोरली पुतणी मला वाचून अशी किंचाळली की कोळी धागा सोडून खाली पडला. "काका, पळा! इथे वाढलंयसुद्धा!"

"बघ!" काका काकूंना म्हणाले. "आपण यायच्या आधी वाढून ठेवलंय. याला म्हणतात हॉटेल! चला, गार होईल."

मी ओरडून सांगणार होते, अहो, थांबा, पातेली रिकामी आहेत! पण पाटीला वाचता येतं, बोलता कुठे येतं? चौघं हात धुऊन बाकावर बसलीसुद्धा.

वहिनी घाबरीघुबरी होऊन आत धावली. "वन्सं, माणसं बसलीत! पाटी वाचून आलीत! मी तेव्हाच म्हटलं होतं!"

ताईने एकदा बाहेर डोकावून पाहिलं. धाकटी पुतणी रिकाम्या ताटाकडे टक लावून बसली होती. "बसलेल्याला उठवायचं नाही," ताई म्हणाली आणि पदर खोचला. मित्रांनो, माझी ताई परत आली! झाकलेल्या तीन ताटांची चार झाली. डाळीत पाणी पडलं, पाण्याला लसणाची फोडणी बसली. कांदे निखाऱ्यावर गेले. डब्याच्या तळची अंडी फुटली. तो वास गल्लीभर सुटला आणि माझं लाकूडसुद्धा भुकेलं.

पहिला घास घेतला आणि काकांनी बाह्या सरसावल्या. दुसरा घेतला आणि डोळे मिटले. काकू म्हणाल्या, "जिंकलात हो!" पुतण्यांना तर बोलायलाही फुरसत नव्हती.

मग काकांनी वाटी पुढे केली. "ताई, आणखी थोडी डाळ?"

"वाढली," ताई म्हणाली.

काकांनी वाटीत पाहिलं. "कुठे? वाटी तर कोरडी आहे!"

"अहो, वाढली म्हणजे... वाढली!"

वहिनीला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. पाटीचं, शब्दाचं, झाकलेल्या ताटांचं. बाहेर शिंपी कान देऊन उभा होता, त्याच्या तोंडातल्या टाचण्या हसून हसून सांडल्या. पण काका हसले नाहीत. त्यांनी ओट्यावरची तीन उपडी झाकणं पाहिली आणि कान पकडले. "म्हणजे तुमच्या तोंडचा घास खाल्ला आम्ही?"

ते ताडकन उठले. पिशवीतली बिस्किटं, केळी, पाव, सगळं बाहेर काढलं. ताई, वहिनी आणि पेंटर या तिघांना बाकावर बसवलं. "आता तुम्ही बसायचं. वाढणार आम्ही!" इतक्या वर्षांत ताईला कोणी वाढलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. ताईने केळ्याचा घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"उद्या किती वाजता येऊ?" काकांनी विचारलं. "लॉजवर आमच्यासारखी आणखी बारा उपाशी माणसं आहेत."

वहिनीने ताईकडे पाहिलं, ताईने माझ्याकडे. "बाराला या," ताई म्हणाली.

बाकं शाळेला गेली नाहीत. सोमवारी ताई कँटीनलाही गेली नाही. अहो, जाणार कशी? चार बाकांवर सोळा माणसं आणि पायरीवर आणखी तीन!

परवा पेंटर ब्रश घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "रोज कोणीतरी फसतं, आता 'संपले' लिहूनच टाकतो." तर वहिनी कडाडली, "हात तर लावा त्या शब्दाला! खबरदार!" हीच ती नाक मुरडणारी वहिनी! तिने मला ओल्या फडक्याने पुसलं आणि आत ओरडली, "वन्सं, फसणाऱ्यांची चार ताटं बाजूला काढलीत ना?"

तेव्हा मित्रांनो, परगावी गेलात तर ताऱ्यांच्या जोडीला गल्ल्याही बघा. कामावरच्या माणसाला विचारा, तो कुठे जेवतो. आणि एखादी जुनी पाटी धुळीने माखलेली दिसली तर रुमालाने एवढी पुसा; तिच्या मागे कोणीतरी शेगडी पेटवून तुमची वाट बघत असेल. आमच्या गल्लीत आलात, तर माझी कोणती बाजू समोर आहे ते बघत बसू नका. सरळ आत या. ताटं काढलेली आहेत.