जुईची पंगत

आमच्या घरात ताटावर बसून उपाशी राहिलेलं पहिलं माणूस म्हणजे माझी पुतणी.

हे लाजिरवाणं अशासाठी, की आमचा धंदा जेवू घालण्याचा आहे. केडगावात सहादेव आचारी म्हटलं की लोक आधी पोटावरून हात फिरवतात आणि मग पत्ता सांगतात. सहादेव म्हणजे माझे आबा. एका लग्नात ऐन वेळी दोनशे पाव्हणे जास्तीचे आले, तेव्हा आबांनी आमटीत फक्त पाणी आणि आत्मविश्वास वाढवून सगळ्यांना तृप्त केलं होतं. अशा माणसाच्या घरात सव्वादोन वर्षांची एक पोरगी ताटासमोर बसायची, ताटाकडं बघायची आणि शिताला हात लावायची नाही.

तिचं नाव जुई. माझा मोठा भाऊ आदिनाथ आणि मोनिकावहिनी यांनी तिला दत्तक घेतलं. त्यासाठी ते किती थांबले ते सांगत बसत नाही. नंबर लावला तेव्हा दादाला भांग पाडता येत होता, एवढंच सांगतो.

संस्थेतून तिला आणायला आम्ही टेम्पो घेऊन गेलो, कारण आमच्याकडं वाहन तेवढंच. टेम्पोच्या पाठीवर ‘शुभकार्याच्या ऑर्डर घेतल्या जातील’ असं लिहिलेलं आहे. एवढ्या वर्षांत तो स्वतःच्या घरच्या शुभकार्याला पहिल्यांदाच निघाला होता. येताना मागं मी आणि कढया, पुढं ते तिघं. वहिनीनं जुईला मांडीवर घेऊन बघितलं, तर ती काठीसारखी ताठ झाली. मग तिला दोघांच्या मधे सीटवर बसवली. रस्ताभर ती समोर बघत होती. घाट आला तरी तिनं कुणाचा हात धरला नाही.

आता आमच्या घरातला नियम सांगायला हवा. पंगत जेवत असताना आचाऱ्यानं बसायचं नाही. शेवटचा पाव्हणा हात धुऊन उठेपर्यंत उभं राहायचं, वाढायचं, आग्रह करायचा. आबांनी हा नियम धंद्यासाठी केला आणि आईनं तो घरात आणला. आमच्याकडं कुणीही आलं की ते बसणार आणि आम्ही उभं राहून वाढणार. मीटरचं रीडिंग घ्यायला आलेला माणूसही आमच्याकडून ढेकर देत बाहेर पडतो. आईला बसून जेवताना मी कधी पाहिलेलंच नाही. सगळ्यांचं झालं की ती ओट्याला टेकून, भाकरी हातावर घेऊन जेवते. घोडे उभ्यानं झोपतात, तसं.

त्यामुळं जुईच्या पहिल्या जेवणाला आम्ही आमच्या पद्धतीनं उभे राहिलो. मधोमध जुई, पुढं नवं कोरं छोटं ताट, आणि भोवती पाच माणसं हातात भांडी घेऊन. आबांकडं वरण, आईकडं भात, दादाकडं पोळ्या, वहिनीकडं तुपाची वाटी. माझ्याकडं मठ्ठा, कारण लग्नात मठ्ठा माझ्याकडं असतो आणि माणसानं आपलं खातं सोडू नये.

जुईनं ताटाकडं बघितलं. मग मान वर करून आमच्याकडं बघितलं. मग शेजारची फरशी तळहातानं थोपटली. दोनदा. आणि वाट बघत बसली.

दादा म्हणाला, मुंगी असेल. आम्ही फरशी झाडली. तिनं पुन्हा थोपटली. आई म्हणाली, फरशी गार लागत असेल, आणि खाली गोधडी घातली. जुईनं गोधडीवर बसून गोधडीच्या बाहेरची फरशी थोपटली. आबांनी नीट निरीक्षण करून जाहीर केलं की पोरगी तालात हाय, आणि संध्याकाळी बाजारातून ढोलकी आणली. रात्रीच्या जेवणाला तिनं फरशी थोपटली की आबा ढोलकीवर उत्तर द्यायचे. ही जुगलबंदी बराच वेळ रंगली. भात गार झाला.

मग आम्ही मेनूवर संशय घेतला. बिनतिखटाची शिपी आमटी झाली, मऊ खिचडी झाली, शिरा झाला, हुलग्याचे शेंगोळे झाले. एका दिवशी आबांनी खास जुईसाठी बुंदी पाडली. आबांना थोडकं करता येत नाही. पाच किलो झाली. ती गल्लीत वाटली. लोकांनी विचारलं, कशाची बुंदी? आबा म्हणाले, न खाल्ल्याची.

पोरगी तशी अगदीच उपाशी नव्हती. सकाळी कपभर दूध प्यायची, आणि घरात फिरता फिरता केळं दिलं तर मुकाट्यानं संपवायची. सावेडीच्या डॉक्टरनं तिला तपासून सगळं ठीक असल्याचं सांगितलं आणि उलट वहिनीलाच विचारलं, तुम्ही जेवताय का वेळेवर? वहिनी जेवत नव्हती. पोरगी जेवल्याशिवाय आपण कसं जेवायचं, असं तिचं चाललं होतं.

तिला दुसरीही धास्ती होती. दत्तकाचा शेवटचा हुकूम अजून यायचा होता, आणि त्याआधी संस्थेच्या कैनातताई घरी बघायला येणार होत्या. दादा म्हणायचा, अगं, हे नेहमीचं असतं, सगळ्यांच्याच घरी जातात. पण वहिनीच्या डोक्यात पक्कं बसलं होतं, की आचाऱ्याच्या घरात पोर जेवत नाही हे दिसलं तर ताई पोरीला उचलून घेऊन जाणार. त्यांची बॅग दिसली की आधी ती लपवा, असंही तिनं मला सांगून ठेवलं होतं. बॅगेत पोरगी मावणार नाही, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं नाही. काही धास्त्यांशी वाद घालता येत नाही.

एका दुपारी आम्ही नेहमीसारखे उभे होतो. जुईनं नेहमीसारखी फरशी थोपटली. वहिनीनं हातातली तुपाची वाटी ओट्यावर ठेवून दिली.

“मला न्हाई उभं राहवत आता,” ती म्हणाली, आणि होती तिथंच, जुईच्या शेजारी, फरशीवर बसली. आईच्या टोपलीतली भाकरी ओढली आणि कोरडीच चावायला लागली. सासूसमोर, सासऱ्यासमोर, पाव्हण्यानं पहिला घास घ्यायच्या आधी. आमच्या घरात याच्यापेक्षा लहान गोष्टींवरून लोकांनी अबोला धरलेला आहे.

जुईनं वहिनीकडं बघितलं. भाकरीकडं बघितलं. मग वळून दुसऱ्या बाजूची फरशी थोपटली. दोनदा.

वहिनीचं चावणं थांबलं. ती त्या इवल्या हाताकडं बघत राहिली आणि मान वर न करता दादाला म्हणाली, “बसा.”

दादा पोळ्यांसकट बसला. जुईची नजर माझ्यावर आली. मी मठ्ठ्याची किटली घेऊन बसलो. नजर आबांवर गेली. आबा बसले, त्यांचे गुडघे त्यांच्या आधी बोलले. मग जुईनं आईकडं बघितलं आणि शेवटच्या मोकळ्या जागेकडं हात लांबवून फरशी थोपटली.

आई भाताचं पातेलं धरून ओट्याजवळ उभी. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हापासून या फरशीवर तिनं लाखभर माणसं बसवली असतील. स्वतः तिथं बसायचं म्हणजे कसं, याचा तिला अंदाज येत नव्हता. फरशी फार खोल असल्यासारखी ती खाली बघत होती.

“बसते,” शेवटी ती म्हणाली. “ती काय पाव्हणी हाय व्हय?”

ती बसली. जुईनं ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली, पंगत सुरू करायच्या आधी आबा फिरवतात तशी. मग तिनं भाताची मूठ भरली आणि तोंडात घातली.

आबांनी डोळे पुसले आणि आमटी तिखट झाल्याचं सांगितलं. आमटी त्यांच्या पानात नव्हती. त्यांच्यापुढं पानच नव्हतं.

संध्याकाळी दादानं कैनातताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, हो, तिथं सगळी पोरं ओळीनं बसतात. मावशी जागा थोपटून एकेकाला बसवतात, आणि ओळ पुरी भरल्याशिवाय कुणी घास घेत नाही. जुईला ती सवयच. दादानं विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? ताई म्हणाल्या, घरात माणसं एकत्र बसूनच जेवत असतील असं वाटलं. त्यांचं चुकलं नव्हतं. त्या माणसांबद्दल बोलत होत्या, आम्ही केटरर.

तेव्हापासून आमच्या घरात रोज दोन वेळा पंगत बसायला लागली. भांडी मधे ठेवायची आणि ज्याचं त्यानं घ्यायचं. आईला पहिले काही दिवस हे फार जड गेलं. बसल्या बसल्या तिचा उजवा हात आपोआप कुणाच्या तरी ताटात भात टाकायचा.

जुईला मात्र ओळ तोकडी वाटायची. तिला मोठ्या पंगतीची सवय. शेजारच्या बद्रुन्निसाचाची बुंदीचा डबा परत द्यायला आल्या, तर तिनं फरशी थोपटली. चाची बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या शेवयांचा वाडगा घेऊन ऐन जेवणाच्या वेळी आल्या आणि आपण सहज आल्याचं म्हणाल्या. लग्नाची ऑर्डर द्यायला आलेला एक नवरीचा बाप बसला. गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन दारात आला, तिनं त्यालाही बसवलं. मग सिलिंडरसाठी वेगळी जागा थोपटली. सिलिंडर पंगतीला बसला. आईनं त्याच्यापुढंही ताट ठेवलं. एकदा नियम मोडल्यावर ती कुठं थांबायचं हे विसरली होती.

पोरगी जेवत होती, गाल वर येत होते, आबा ढोलकी परत करायचा विचार करत होते. सगळे खुश होते. वहिनी सोडून.

मी भांडी विसळत होतो आणि ती पुसत होती, तेव्हा हळूच म्हणाली, “भाऊजी, ती जेवती ही देवाची कृपा. पण तिच्या लेखी मी आन् तो गॅसवाला सारखेच.”

मी म्हणालो, गॅसवाला महिन्यातून एकदाच येतो. सांत्वन म्हणून हे फारसं चाललं नाही.

कारण ती म्हणत होती ते खरं होतं. जुई ओळीत कुणाच्याही शेजारी बसायची. पडली तर रडायची नाही. स्वतःच उठायची, गुडघे झटकायची आणि पुढं चालायला लागायची. वहिनी धावत जायची, पण पोचेपर्यंत पडण्याचा कार्यक्रम आटोपलेला असायचा. उचलून घेतलं की पुन्हा ती काठी. वहिनी तिला अलगद खाली ठेवायची आणि कुणाला दिसू नये म्हणून खिडकी पुसायला घ्यायची. त्या दिवसांत आमच्या खिडक्या अख्ख्या केडगावात सगळ्यांत स्वच्छ होत्या.

कैनातताई आल्या त्या दुपारी, जेवणाच्या वेळेला. वहिनीनं पहाटेपासून घर घासलं होतं. ताई लहानखुऱ्या, हसऱ्या, पायांत साध्या चपला. बॅग होती, पण इतकी छोटी की वहिनीचा जीव जरा भांड्यात पडला.

जुईनं त्यांना ओळखलं. ती फ्रिजच्या कडेला जाऊन उभी राहिली आणि हलेना. ताई गोड बोलल्या, तिनं बघितलं फक्त. आईनं विषय आपल्या हातात घेतला आणि पानं मांडायला सांगितली.

पंगत बसली. आबा, आई, दादा, वहिनी, मी, चाची, आणि शेवटाला ताई. त्यांच्या शेजारची जागा मोकळी, तिथं जुईचं छोटं ताट. त्या दिवशी जुईनं कुणालाच बसवलं नव्हतं. ती फ्रिजपाशीच होती. ताईंनी तिच्याकडं बघून हसत, वर्षानुवर्षांच्या सवयीनं, शेजारची फरशी थोपटली. दोनदा.

“ये, जुई.”

वहिनीचा घास बोटांत राहिला. ती ताटाकडं बघत होती; पण ताटात काय होतं हे तिला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

जुई निघाली. आबांच्या पुढून गेली, आईच्या पुढून, दादाच्या, वहिनीच्या, माझ्या आणि चाचींच्या पुढून. ताईंपाशी पोचली. थोपटलेल्या जागेकडं बघितलं, आपल्या ताटाकडं बघितलं. आबांचा पाय मुंग्या आल्यासारखा हलायला लागला. आमच्यापैकी कुणी श्वास घेत असेल तर तो फार शिस्तीत घेत होता.

मग जुई मागं वळली. चाचींच्या पुढून, माझ्या पुढून परत आली आणि वहिनीसमोर थांबली. वहिनीचा घासाचा हात मधे आडवा होता. तो तिनं दोन्ही हातांनी, पडदा सारावा तसा बाजूला केला. वहिनीची मांडी थोपटली. दोनदा. आणि बसली.

काठी नव्हती. पाठ टेकवून, पाय पसरून, नेहमीची जागा असल्यासारखी बसली आणि वहिनीच्या ताटातला भात खायला लागली.

वहिनीचा उजवा हात तसाच हवेत राहिला. डावा मात्र आपला आपण जुईच्या पोटाभोवती गेला होता. ताईंनी फरशीवरचा हात काढून घेतला, भाकरी मोडली आणि आमटी आहे का अजून, असं विचारलं. आबांनी बसल्या जागेवरून पातेलं सरकवलं आणि आज खरंच तिखट झालीय म्हणाले. चाची पदर तोंडाला लावून दाराकडं बघत होत्या, तिकडं काहीच नव्हतं.

आईनं एकवार पूर्ण पंगतीवर नजर टाकली. ताईंच्या शेजारचं छोटं ताट तसंच रिकामं होतं. आईनं घसा खाकरला.

“करन्या,” ती मला म्हणाली, “एक ताट कमी कर.”