सही कुणाची

राजन पाटणकरांसारखा गोड बोलणारा माणूस आखातातल्या अख्ख्या मुसफ्फा औद्योगिक वसाहतीत सापडायचा नाही. गोड बोलणाऱ्यापासून चार हात लांब राहावं म्हणतात, पण पोटासाठी परमुलखात आलेल्या माणसाने लांब राहायचं तरी किती? छाया त्यांच्या कंपनीत सात वर्षं टेस्ट इंजिनिअर होती. कारखान्यांसाठी बनवलेले कंट्रोल बॉक्स ती तपासायची आणि तिची सही झाल्याशिवाय एकही बॉक्स दाराबाहेर पडत नसे.

दोन हजार नऊच्या जूनमध्ये एक ऑर्डर आली. मंदीत आलेली एकुलती एक. सांडपाण्याच्या खोल विहिरींवर बसवायचे अलार्म. खाली विषारी गॅस साठला की बॉक्सने भोंगा वाजवायचा, म्हणजे सफाईची माणसं आत उतरत नाहीत. उन्हात तापलेल्या लोखंडी कपाटात वर्षानुवर्षं कुरकुर न करता चालतील असे एम्बेडेड प्रोसेसर आणि चिपसेट त्याला लागतात. पण तैवानचा पुरवठादार आता उधारीवर माल देईना. मग पाटणकरांनी काय करावं? दुबईच्या बाजारातून घरगुती पीसीचे बोर्ड उचलले! माप तेच, दिसायलाही तसेच. एसीतल्या टेबलावर मुलांचे गेम चालवायला उत्तम.

छायाने बॉक्स तापवायच्या कपाटात ठेवला. दुपारपर्यंत तो हँग झाला. भोंगा मुका, आणि वर ‘सगळं ठीक’चा हिरवा दिवा मात्र लागलेलाच.

“अगं, एवढं काय त्यात?” पाटणकर म्हणाले. “आत्ता सही कर. ओरिजिनल बोर्ड आले की बदलून देऊ, इन्शाल्ला.”

“मग सही तेव्हाच करते सर. आत माणसं उतरणार आहेत.”

“पाण्यात राहून माशाशी वैर करू नये, छाया.” आणि लगेच चेहऱ्यावर हसू आणून त्यांनी विचारलं, “निनाद कसा आहे? दिवसभर घरी कंटाळत असेल, नाही?”

कंटाळत होता का? कुढत होता बिचारा. निनादही इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर. दुबईतले टॉवर अर्धवट थांबले तशी जानेवारीत त्याची नोकरी गेली. छायाने त्याला आणि सृष्टीला स्वतःच्या व्हिसावर घेतलं. त्या व्हिसावर त्याला काम करायची परवानगी नव्हती. मोहम्मद बिन झायद सिटीतल्या फ्लॅटमध्ये तो कुकर लावायचा, सृष्टीला बसपर्यंत सोडायचा. बिल्डिंगमधले मराठी मित्र त्याला ‘वहिनींचे मिस्टर’ म्हणून हाक मारायचे. तो हसायचा आणि घरी येऊन भांडी आदळायचा.

त्या संध्याकाळी छायाने त्याला सगळं सांगितलं. बोर्ड, हिरवा दिवा, पाटणकरांची धमकी. “माझी नोकरी गेली तर तिघांनाही परत जावं लागेल, निनाद. पण मी सही करणार नाही. आणि त्यांनी तसाच माल पाठवला, तर अलार्म बसवणाऱ्या कंत्राटदाराकडच्या अजीजभाईंना मी स्वतः फोन करीन.”

“तुझं बरोबर आहे,” निनाद म्हणाला. छायाला केवढा धीर आला. नवरा असावा तर असा, असं वाटलं हो तिला!

गुरुवारी पाटणकरांनी तिला एका तक्रारीसाठी पार पलीकडच्या किनाऱ्यावर, खोर फक्कानच्या बंदरावर पिटाळलं. तक्रार कसली, एक वायर निसटली होती. दमून भागून ती घरी आली तर दारातच सृष्टी नाचत होती. “मम्मा, पापा गॉट अ जॉब!”

टेबलावर पेढे होते. निनादने किती महिन्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

“कुठे रे?” छायाला खरंच आनंद झाला होता.

“तुमच्याकडेच. क्वालिटी मॅनेजर. कंपनीचा व्हिसा.” तो तिच्याकडे बघत नव्हता. “माल गेला आज सकाळी.”

छायाने पर्स टेबलावर आदळली. “सही तू केलीस? मी सगळं सांगितलं होतं तुला!”

“तू नाही म्हणालीस म्हणून तर ती जागा झाली.” मग त्याचा आवाज चढला. “सहा महिने, छाया! भाजी आणायला तुझं कार्ड, पासपोर्टमधल्या व्हिसावर तुझं नाव. लाज वाटायची मला. आता तुम्ही दोघी माझ्या व्हिसावर. सर म्हणाले, छायाला म्हणावं, आता जरा आराम कर.”

“म्हणजे मला काढलं.”

“काढलं कसलं? एका घरात दोन पगार त्यांना सध्या जमत नाहीत.”

केसाने गळा कापला की हो त्या पाटणकराने! बाई विकत मिळत नाही म्हटल्यावर मेल्याने तिचा नवरा घेतला, आणि नवरा पेढे घेऊन आला. छायाच्या डोळ्यांत संताप मावेना. तिने पर्समधून फोन काढला.

निनादने तिला अडवलं नाही. “कर. पण कागदावर नाव माझं आहे. धरतील ते मला, पाटणकरांना नाही. आणि माल परत आला तर ही नोकरीही गेली, मग तिघंही परत.”

सृष्टी दोघांकडे आळीपाळीने बघत होती. “व्हाय आर यू फायटिंग? इट्स गुड न्यूज, ना?”

छायाचा अंगठा अजीजभाईंच्या नंबरवर थांबला. तेवढ्यात फोनच वाजला. अजीजभाईंचाच होता.

“मॅडम, माल मिल गया, शुक्रिया. कल सुबह से लगवा रहा हूँ, लड़के भी कल ही नीचे उतरेंगे. बस एक बात. हमेशा आपका साइन होता है, इस बार कोई निनाद साहब का है. नया आदमी है क्या? आप बोलो तो लगाऊँ, नहीं तो वापस भेजता हूँ.”

समोर निनाद उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि सृष्टीने त्याचा हात धरला होता.

“भरोसे का आदमी है, अजीजभाई,” छाया म्हणाली. “लगा दीजिए.”