नववं कलम

मिलर्स फोर्ड गावच्या बाया मंगळवारी सकाळी आपापली भांडी परत न्यायला आल्या. शाळेच्या भटारखान्यात काम करणाऱ्या व्हर्ना हॉस्किन्सची मुलगी केल्सी वारली, तेव्हा व्हर्नाच्या घरी चिकन-नूडल्सनं भरलेल्या काचेच्या भांड्यांची रीघ लागली होती. प्रत्येकाच्या बुडाशी चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. पुढं कित्येक महिने कुणाला त्यांची आठवण नव्हती. व्हर्नानं डॉक्टर प्रूइटवर दावा लावल्याचं कळलं आणि सगळ्यांना एकाच दिवशी भांडं हवं झालं.

"तुझी तिन्ही बाळंतपणं त्यांनीच केली ना गं?" एकीनं दारातच विचारलं. "आपलेच दात, आपलेच ओठ. कोर्टात कशाला जायचं?"

"दातांनी ओठ तोडला, आता ओठानं ओरडायचंही नाही?" व्हर्ना म्हणाली आणि भांडं तिच्या हातात कोंबलं.

केल्सीला चौदा महिने शौचावाटे रक्त जात होतं. डॉक्टर प्रूइटनी न तपासताच मूळव्याध सांगून मलम दिलं. ती पुन्हा गेली, तर म्हणाले, लहान मुलांची आई आहेस, जिवाला फार लावून घेतेस. शेवटी शहरात आतड्याचा कर्करोग निघाला, तोवर तो यकृतापर्यंत पोचला होता. तेहतिसाव्या वर्षी पोरगी गेली. बाईनं दुखतंय म्हटलं की तिच्या मनाला दोष द्यायचा, हा रोग त्या गावात कर्करोगाहून जुना होता.

सगळ्यात शेवटी मागच्या गल्लीतली मेव्हिस आली. भांडं हातात घेऊनही ती हलेना.

"माझा नवरा हार्लन चार वर्षांपूर्वी गेला. कशानं, ते मला सांगता येत नाही," ती हळूच म्हणाली. "सही केलीय. बोलले तर दवाखाना दिलेले सगळे पैसे परत घेईल."

"प्रूइटकडेच जायचा ना तो?"

मेव्हिस नुसती रडत राहिली.

हार्लनचं गावाला कळलं असतं, तर केल्सी पहिल्याच महिन्यात दुसऱ्या डॉक्टरकडे गेली असती. व्हर्नाला मेव्हिसचा राग आला, फार आला. पण त्याहून जास्त राग त्या कागदाचा आला.

त्या राज्याच्या कायद्यानं असा दावा आधी डॉक्टरांच्या समितीपुढे जातो. तिथं वर्ष गेलं. समितीनं चूक मान्य केली आणि प्रूइटच्या दवाखान्याचा वकील लगेच तोंडात साखर घोळवत तडजोडीचे कागद घेऊन आला. केल्सीच्या दोन्ही पोरांचं शिक्षण निघेल एवढी रक्कम होती. फक्त नवव्या कलमात लिहिलं होतं, की झाल्या प्रकाराबद्दल व्हर्नानं जन्मभर कुणाजवळ अवाक्षर काढायचं नाही.

"सगळेच सही करतात, बाई," तो म्हणाला. "रीतच आहे."

"ते कलम काढा, आत्ता सही करते."

"ते निघणार नाही."

तिचा स्वतःचा वकील कानाशी लागला. "ज्युरीपुढं कदाचित हात हलवत परत यावं लागेल. नातवंडांचा विचार करा."

"त्यांचाच करतेय. आमची आई कशानं गेली म्हणून विचारतील, तेव्हा आजीनं काय मूग गिळून बसायचं?" तिनं कागद त्यांच्याकडे सरकवले. "चालू द्या खटला."

त्या रविवारी चर्चच्या तळघरात सगळ्यांचं जेवण होतं. व्हर्नाच्या टेबलाशी कुणी बसेना. पलीकडे शेल्बी, शाळेतली तरुण शिक्षिका, मैत्रिणीला सांगत होती, "तीन महिने रक्त जातंय गं. प्रूइट म्हणाले, मूळव्याध आहे, घाबरट आहेस."

व्हर्ना उठली. "त्यांनी तपासलं का तुला?"

"नाही."

"माझ्या केल्सीलाही नव्हतं तपासलं." तिचा आवाज सगळ्या तळघरात गेला. "उद्या शहरात चल. मी नेते."

"पुरे गं व्हर्ना," पाद्र्याची बायको म्हणाली. "तुझ्या एकटीच्या दुःखापायी सगळ्या गावाला का घाबरवतेस?"

"एकटीचं नाही." मेव्हिस उभी राहिली होती. "माझ्या हार्लनलाही मूळव्याधच सांगितली होती. आतड्याच्या कर्करोगानं गेला तो. पाच वर्षं मी गप्प बसले आणि या बाईची पोर गेली. आता न्या म्हणावं काय न्यायचं ते!"

व्हर्नानं शेजारची खुर्ची मागं ओढली. मेव्हिस आपलं ताट घेऊन तिथं जाऊन बसली.