शिव्यांचं कार्ड

धाकटीनं फोन उचलला, पलीकडून थोरलीचा श्वास ऐकला आणि फोन कापला. थोरलीच्या तोंडातली शिवी तोंडातच राहिली. ही तिसरी खेप.

मिरचीची रोपं माना टाकायला लागली होती. विहीर थोरलीची, मोटारही थोरलीची. पण पाणी यायचं ते धाकट्या जावेच्या रानातल्या पाटातून, आणि त्या पाटावर धाकटीनं आडवा बांध घातला होता. का, तर थोरलीची म्हैस तिच्या वांग्यांत शिरली म्हणून. म्हैस तासाभरात बाहेर आली, बांध तिथंच राहिला. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. आपण होऊन तोंड उघडणं म्हणजे हार. फोनवरून शिव्या देणं मात्र बोलण्यात धरायचं नाही, असा थोरलीचा कायदा होता.

"आई, आवाज रेकॉर्ड करून पाठव," मुलगा म्हणाला.

"ऐकेल ती?"

"पुसून टाकेल."

"मग पत्र लिही. पत्र कापता येत नाही. हातात पडलं की वाचल्याशिवाय चैन पडत नाही माणसाला."

मुलगा पदवीधर. त्यानं पेन धरून दोन ओळी ओढल्या. कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं कार्ड दिसायला लागलं. "मला टाइप करता येतं," सून म्हणाली. थोरलीनं कोरं कार्ड पदराखाली घेतलं आणि पोस्ट गाठलं.

"हातानं लिहिणारं गावात एकच माणूस उरलंय, वहिनी," पोस्टमन म्हणाला आणि उगाचच शिक्का पुसायला लागला. "तुमची धाकटी जाऊ."

धाकटी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती.

"तुझ्याशी बोलायला आले नाही मी," थोरली म्हणाली. "एक पत्र लिहून हवंय."

"बसा. कुणाला लिहायचंय?"

"आहे एक बया."

धाकटीनं हात पुसले, चष्मा चढवला. एके काळी अख्ख्या आळीतल्या सुनांची माहेरची पत्रं तिनं लिहिली होती. सासूबद्दल थोरलीनं काय काय कळवलं होतं, ते अजून तिच्याच पोटात होतं.

"वर 'अनेक आशीर्वाद' लिहिते."

"शिव्यांच्या पत्रात आशीर्वाद?"

"बया वयानं लहान आहे ना? मग रीत सोडून कसं चालेल?"

"बरं. लिही, पाणी अडवणारे निर्लज्ज बाई..."

"'कोडगे' लिहू का? निर्लज्ज जरा पुस्तकी वाटतं. कोडगे जास्त लागतं."

थोरलीनं विचार केला. "लिही कोडगे. माझी म्हैस एकदा तुझ्या वांग्यांत शिरली..."

"दोनदा."

"पत्र कुणाचंय?"

"तुमचं. पण अक्षर माझंय. त्यात खोटं लिहीत नाही मी."

"दोनदा शिरली. म्हणून जिवंत रोपांचा गळा धरतेस? बांध नाही फोडलास, तर मी मेले तरी मातीला येऊ नकोस."

धाकटीचं पेन थांबलं. "हे ठेवू?"

"ठेव."

तिनं लिहिलं. मग म्हणाली, "खाली 'कळावे, लोभ असावा.'"

"तिचा लोभ कशाला मला?"

"लोभाशिवाय पत्र सुटत नाही, जाऊबाई."

कार्ड पेटीत पडलं, शहरात गेलं, शिक्का खाऊन त्याच गल्लीत परत यायला निघालं. तोवर थोरली डोक्यावरून घागरी वाहत राहिली. त्याही लांबच्या वाटेनं, कारण धाकटीच्या रानात पाय टाकायचा नव्हता. मोटार बंदच होती. बांधावर आपटायला पाणी कोण सोडतं?

अखेर कार्ड आलं. पोस्टमननं ते वाटेत चार घरी वाचून दाखवलं. "मी वाचत नाही हो, डोळ्यांत शिरतं," म्हणाला. धाकटीनं दारात उभं राहून मोठ्यानं वाचलं आणि गालावर हात ठेवला. "अगं बाई! कुणाचं हे एवढं तोंड?" भिंतीआड थोरलीचा जीव गार झाला.

उत्तर आलं ते बंद पाकिटात. आत शिव्या असणार. त्या सुनेसमोर कशाला? थोरली पुन्हा ओट्यावर.

"तुझ्याशी बोलायला आले नाही. एक पत्र आलंय, वाचून हवंय."

धाकटीनं पाकीट फोडलं. "'तीर्थस्वरूप थोरल्या बाईंना साष्टांग नमस्कार. कार्ड पोचलं. कोडगे हा शब्द फार आवडला.'"

"तुझाच होता तो!"

"मध्ये बोलू नका, पत्र चालू आहे. 'बांध तुम्ही कार्ड लिहून घेतलंत त्याच संध्याकाळी फोडला. मोटार लावून बघितली असती तर कळलं असतं. तुम्हाला घागरी वाहताना रोज बघते. वाईट वाटतं. हसूही येतं. मातीचं परत लिहू नये. कळावे, लोभ असावा.'"

थोरलीनं आखडलेली मान चोळली. "मग सांगायला काय झालं होतं?"

"आपलं बोलणं कुठंय?"

थोरली ओट्यावरून उठली. तिनं जाऊन मोटार लावली. पाणी मोकळ्या पाटातून पळत आलं. अर्धी मिरची गेली होती, उरलेलीनं संध्याकाळपर्यंत माना वर काढल्या.

दुसऱ्या दिवशी ती नवं कार्ड घेऊन ओट्यावर हजर.

"लिही. माझी मान मोडेपर्यंत गंमत बघणारे कोडगे..."

"कोडगे मागच्या कार्डात झालंय. 'चाबरे' घालू?"

"घाल चाबरे."

धाकटी लिहीत राहिली. थोरलीनं तिच्या सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि फोडायला लागली.

"आणि खाली ते लोभाचं विसरू नकोस," ती म्हणाली. "नाहीतर सुटायचं नाही पत्र."