माझी डावी बाजू

मी बोलतोय, पण पडद्यावरचा वीस मजली यंत्रमानव तो मी नव्हे. मी त्याचा हातभर उंचीचा लाकडी नमुना. माझ्याकडे बघून त्याला काढलं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, हल्ली कोण कुणाच्या नावावर काय खपवेल याचा नेम नाही.

मला एका चित्रकाराने घडवलं, स्वयंपाकघराच्या टेबलावर, भाजी चिरायच्या सुरीने. तेव्हा कार्टून हाताने काढत. एका पावलाला बारा चित्रं लागायची. चित्रकाराचा डावा पाय लहानपणीच्या दुखण्याने अधू झाला होता. यंत्रमानव कसा चालेल ते ठरवायला तो कपाटाच्या आरशासमोर चालायचा आणि दिसेल ते कागदावर उतरवायचा. माझा डावा पायही त्याने अर्धं बोट आखूड ठेवला.

"अहो, यंत्राला कशाला पाय ओढायला लावता?" बायकोने विचारलं होतं.

"मला दुसरं चालता येत नाही," तो म्हणाला.

मालिका लागली आणि गल्लोगल्लीची पोरं एक पाय ओढत चालू लागली. शाळेतून तक्रारी आल्या. चित्रकार हसायचा. मग मालिका संपली आणि मी पुस्तकांच्या कपाटावर चढलो. तिथे वर्षानुवर्षं धूळ खाल्ली. वरून माणसं नीट दिसतात. पाहुणे निघतो म्हणतात आणि दारात पाऊण तास बोलतात, हे मी तिथेच शिकलो. बोलण्यावर विश्वास ठेवायचं मी तेव्हाच सोडलं.

दोन वर्षांपूर्वी चित्रकार गेला. फोटो पुष्कळ मागे राहिले, पण सगळे बसलेले. चालताना त्याने कुणाला टिपू दिलं नाही. जुन्या मालिकेच्या फितीही बुरशीने गेल्या होत्या. त्यामुळे मालिका कॉम्प्युटरवर नव्याने करणार असल्याचा फोन आला, तेव्हा त्याच्या बायकोने, म्हणजे आमच्या बाईंनी, एकच प्रश्न विचारला. "तो तसाच चालेल ना?"

"अगदी तस्साच, काकू," पलीकडून उत्तर आलं.

इतक्या चटकन दिलेल्या होकाराने माझ्या लाकडात मुंग्या आल्या.

स्टुडिओत मला फिरत्या पाटावर उभं केलं. एक चष्मेवाली मुलगी माझा आकार कॉम्प्युटरात उतरवायला माझ्यावर प्रकाशाच्या रेघा टाकू लागली. पाट अर्धा फिरला आणि थांबला. तिने दिवा बंद केला, चहाचा कप उचलला. माझी उजवी बाजू बघून झाली होती, डावीकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. मला तेव्हाच संशय आला. पण लाकडाने ओरडायचं कसं?

मला घरी परत पाठवलं आणि महिन्याभराने बाईंना बोलावणं आलं. त्यांनी ठेवणीतला चष्मा काढला, मला पिशवीत घातलं. पिशवीतून मला पडद्याची एक कड दिसत होती, तेवढी पुरली. नवा यंत्रमानव चकचकीत होता. छातीत निळा उजेड, खांद्यांवर ढग. तो चालू लागला. धप्. धप्. धप्. दोन्ही पावलं सारखी, कवायतीतल्या शिपायासारखी.

"कसा वाटला?" दिग्दर्शकाने विचारलं.

"हा कोण?" बाई म्हणाल्या.

"काकू, तोच आहे की!" चष्मेवाली हसली. "उलट जास्त सफाई आली. आम्ही एकच बाजू करतो, दुसरी आरशासारखी उलटवतो. सगळीकडे असंच करतात."

 बाईंनी मला बाहेर काढून टेबलावर ठेवलं. मी नेहमीसारखा डावीकडे कललो. मुलगी वाकली. मोजपट्टी आणली, एकदा मोजलं, दुसऱ्यांदा मोजलं.

"पाय आखूड आहे," ती हळूच म्हणाली. "आमच्याकडून राहिलंच हे."

"ते चालायचे तसे," बाई म्हणाल्या. "आता ते चालणं कुठेच दिसत नाही. म्हणून दिला मी हा तुम्हाला."

दिग्दर्शकाने घड्याळाकडे पाहिलं. मुलीने पाहिलं नाही. तिने विचारलं, "तुम्ही चालून दाखवाल?"

मग आला अंगाला चिकटणारा काळा पोशाख, चालीची कॉम्प्युटरवर नोंद घेणाऱ्या ठिपक्यांचा. बाईंनी तो दोन बोटांत धरला. "हे मी घालायचं? या वयात? कपड्यांवरच चिकटवा काय ते."

ठिपके चिकटवले. बाईंनी एकदा डोळे मिटले. खोलीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे त्या चालल्या. डावा पाय किंचित मागे, मग खांद्याचा झोका, मग पाऊल. परत आल्या. पुन्हा गेल्या. चाळीस वर्षं त्या त्याच्या शेजारून चालल्या होत्या. मला वाटलं, आता दारातून तोच आत येईल. मुलीनेही दाराकडे पाहिलं असावं, पण याची मी हमी देत नाही.

"बघतो," दिग्दर्शक म्हणाला. या शब्दाचा अर्थ मला कपाटावर असल्यापासून माहीत आहे.

तीन आठवडे काही कळलं नाही. मी मनातल्या मनात त्या मुलीला लबाड ठरवून मोकळा झालो. मग एका दुपारी ती स्वतःच घरी आली. स्वयंपाकघराच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला. यंत्रमानव चालत होता. धप्... घस्स. धप्... घस्स. बाईंनी पदर तोंडाशी धरला. बराच वेळ बघत राहिल्या. मग कपाळाला आठी पडली.

"उजवा का असा जपून टाकतोय? यांचा उजवा चांगला होता."

मुलगी गडबडली. "नोंद तुमच्याच चालीची आहे, काकू. काहीच बदललं नाही."

बाईंनी आपल्या उजव्या गुडघ्यावर हात ठेवला, आणि हसल्या. "हा माझा गुडघा आहे गं. वर्षभर दुखतोय."

"काढून टाकू?"

बाईंनी पुन्हा पडद्याकडे पाहिलं. "नको. असू दे."

आता मी पुन्हा कपाटावर आहे. मुलगी अधूनमधून येते, निघते म्हणते आणि दारात पाऊण तास बोलते. माझा संशय अजून पुरता गेलेला नाही, उद्या कुणीतरी त्याच्या चालीची सफाई करायला येईलच. म्हणून सांगतो, मला बघायला आलात तर डावीकडून बघा. आणि त्या वीस मजली पोराला चालताना पाहाल, तेव्हा त्याचे दोन्ही पाय बघा.