सेंटर फॉरवर्डला लागलेली नजर

आखाती लढाईनं सौदीतल्या जुबैलमध्ये पहिला बळी घेतला तो कादिर परकारच्या दाढीचा.

वीस वर्षं जपलेली, मेंदी लावलेली, छातीपर्यंत आलेली दाढी. इराक विषारी गॅस सोडेल म्हणून कंपनीनं घरोघरी सोंडेसारख्या नळीचे मास्क वाटले आणि सेफ्टीवाल्यांनी सांगितलं की दाढीवर मास्क नीट बसत नाही, फटीतून गॅस आत शिरतो. आता कादिर पडला कंपाउंडचा, म्हणजे कंपनीच्या वसाहतीचा वॉर्डन. भोंगा झाला की पन्नास घरांना मास्क घालायला लावायचं काम त्याचं. वॉर्डनचाच मास्क गळका म्हटल्यावर कसं चालायचं? गेला बिचारा न्हाणीघरात, लावली कडी, आणि बाहेर आला तो परकाच माणूस.

साबिरानं किंचाळून डोक्यावर ओढणी घेतली. "कोण रे तू? आत शिरलास कसा?"

"अगो मी आहे, मी!"

आवाज नवऱ्याचा, तोंड कुणाचं तरी. दहा वर्षांची शबनम वहीतून मान वर करून म्हणाली, "मम्मी, हू इज धिस अंकल?"

त्या दिवसापासून साबिराच्या मनानं घेतलं की या लढाईत काहीही होऊ शकतं. आणि झालं की! दाढीचं दुःख विसरायला लावेल असं झालं.

परकारांच्या शेजारच्या घरात हॉलिससाहेब राहायचा. प्लान्टवरचा इंग्रज शिफ्ट सुपरिंटेंडंट, बायको वारलेली. त्याचा मुलगा डॅरेन, वय एकोणीस, डिसेंबरात बापाकडे आला तो उजव्या हातात काठी घेऊन. साबिराला वाटलं, एवढासा पोरगा आणि काठी? शबनमनं डोळे मोठे करून सांगितलं, "मम्मी, तो फुटबॉलर आहे. प्रोफेशनल! सेंटर फॉरवर्ड!"

"म्हणजे काय करतो?"

"गोल मारतो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे त्याला बॉल देतात."

"म्हणजे कष्ट बाकीच्यांचे नि नाव याचं. तुझ्या अब्बांच्या फोरमनसारखं."

पण पोरगा होता गोड. दुपारी साबिराच्या स्वयंपाकघराच्या दारात स्टूल टाकून बसायचा, सुरमईचं कालवण आणि तांदळाची भाकरी चाटूनपुसून खायचा, नाक लाल व्हायचं, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि म्हणायचा, "मोर, आँटी." खाता खाता आपली कहाणी सांगायचा. शबनम त्याचं मराठी करायची आणि मध्ये मध्ये स्वतःची भर घालायची.

सोळाव्या वर्षी क्लबात लागला. "काय शिकवलं रे पहिल्या वर्षी?" तर मोठ्या खेळाडूंचे बूट घासले आणि पाऊस पडून गेला की बाकडी पुसली! साबिरा म्हणाली, "हे तर आमच्याकडे नव्या सुनेला शिकवतात." अठराव्या वर्षी एकदा मोठा खेळाडू आजारी पडला, हा मैदानात उतरला, आणि पहिल्याच सामन्यात दोन गोल. दुसरा तर असा, की बॉल जाळी फाडून गेला, मागच्या बाईच्या थर्मासला लागला आणि चहा तीन रांगांवर उडाला. निदान शबनमनं तरी तसंच सांगितलं. चौदा सामन्यांत अकरा गोल झाले. पेपरात पानभर फोटो आला. आणि त्याच आठवड्यात समोरच्या टीमचा बचाव करणारा रेड्याएवढा बॅक येऊन याच्या गुडघ्यावर आदळला.

फोटो आला नि गुडघा गेला! साबिराचा भाकरी थापणारा हात तिथेच थांबला. "किती माणसं होती मैदानात?"

"बारा हजार," डॅरेन म्हणाला.

"बारा हजार माणसं, एकट्या पोराकडे टक लावून? आणि वर पेपरात फोटो?" तिनं कपाळावर हात मारला. "अगो, याला नजर लागली नाही तर कुणाला लागणार? आमच्याकडे चार बायकांनी तान्ह्याला बघितलं तरी मूल रात्रभर रडतं."

ऑपरेशन झालं होतं, टाके सुकले होते. कंपनीचा डॉक्टर म्हणाला, गुडघा लोखंडासारखा आहे, पळ बिनधास्त. पण डॅरेन पळेना. रोज सकाळी बूट बांधायचा, अंगणात उभा राहायचा, तीन पावलं टाकायचा आणि चौथ्याला थांबायचा. आतून कट् असा आवाज येईल म्हणून भ्यायचा. खिडकीतून साबिरा मोजायची. एक, दोन, तीन, खलास.

आणि वर क्लबाचं पत्र आलेलं. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी क्लबाचा डॉक्टर बघणार. पळून दाखवलास तर दोन वर्षांचा करार. नाहीतर, बाळ, दुसरं काम बघ.

तेवढ्यात लढाई खरीच पेटली. जवळचा विमानतळ लष्करानं घेतला, आमच्यातुमच्यासाठी बंद. हॉलिससाहेबानं हातापाया पडून कंपनीच्या बसमध्ये जागा मिळवली. शनिवारी सकाळी साडेसातला जुबैलहून निघायचं, वाळवंट ओलांडून जेद्दाला पोचायचं, तिथून लंडनचं विमान. एकच बस. पुढची कधी, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बस चुकली तर मंगळवार गेला, आणि मंगळवार गेला तर फुटबॉल गेला.

शनिवारी पावणेसातला डॅरेन खांद्यावर बॅग नि हातात काठी घेऊन निरोप घ्यायला आला. बाप ड्यूटीवर होता. साबिरानं त्याच्या हातावर दही-साखर ठेवली, आणि तेवढ्यात भोंगा झाला. वर, खाली, वर, खाली. सगळ्यांनी मास्क चढवले. कादिर दारातून ओरडला, "सगळे आतल्या खोलीत! आणि ऐक साबिरा, भोंगा थांबला तरी मास्क काढायचा नाही. मी येऊन सांगेपर्यंत नाही. कळलं?"

"कळलं, कळलं. जा तुम्ही."

लग्नाला अठरा वर्षं झाली होती, पण नवऱ्याचं एवढं तंतोतंत ऐकण्याची ती पहिलीच वेळ. आणि ते ऐकलं म्हणूनच पुढचं सगळं रामायण घडलं.

पंधरा मिनिटांत धोका टळल्याचा लांब भोंगा झाला. बाहेर लोकांनी मास्क काढले. मोकळ्या पटांगणात बस उभी होती, तिच्याभोवती चाळीस माणसं, कुणी बॅगा चढवतंय, कुणी चहा पितंय. कादिर यादी घेऊन नावं मोजायला लागला आणि घरी जाऊन सांगायचं साफ विसरला.

घरात तिघंही मास्क लावून बसलेली. डॅरेननं घड्याळ दाखवलं. सात वाजून पाच मिनिटं. साबिरा ताडकन उठली.

"शबनम, त्याला सांग, तुझी नजर उतरवल्याशिवाय मी तुला उंबरा ओलांडू देणार नाही."

शबनमनं मास्कमधून घुमत घुमत सांगितलं. डॅरेननं लगेच मान हलवली. त्यात काय? त्याच्या टीमचा गोलकीपर प्रत्येक सामन्याआधी दोन्ही खांबांचा मुका घ्यायचा आणि कॅप्टन तर तीन वर्षं एकच मोजा घालत होता, न धुता. मिरच्या म्हणजे त्यामानानं स्वच्छ काम.

साबिरानं त्याला स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं. लोबान जाळायच्या भांड्यात निखारे फुलवले. धुराचा वास राहिला की कादिर कटकट करतो म्हणून एक्झॉस्ट फॅन लावला. सगळ्या घराच्या खिडक्या चिकटपट्टीनं बंद, तेवढा एक फॅन उघडा, आणि त्याचं तोंड नेमकं पटांगणाकडे. मग सात लाल मिरच्या नि मीठ मुठीत घेऊन तिनं डॅरेनवरून ओवाळायला सुरुवात केली.

"घरच्याची, दारच्याची, तिकीट काढून आलेल्याची, भिंतीवर चढून फुकट बघणाऱ्याची, पेपरवाल्याची, फोटोवाल्याची, त्या रेड्याची नि रेड्याच्या आईची..."

टाकल्या निखाऱ्यावर. आणि श्वास रोखून वाट बघितली.

आता हे सगळ्यांना माहीत आहे. मिरच्यांचा ठसका लागला तर काही नाही, नजरबिजर नव्हतीच. पण मिरच्या तडतडून जळाल्या आणि कुणाला साधी शिंकही आली नाही, तर समजायचं की नजर जबरदस्त आहे. साबिरानं जोरात श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. काहीच नाही!

"या खुदा," ती पुटपुटली. "एवढी?"

पुन्हा मूठभर टाकल्या. ठसका नाही. हर्णैच्या तिच्या सासूनं एकदा अख्ख्या गलबताची नजर उतरवली होती, तेव्हाही नऊ मिरच्यांत काम झालं होतं. ही बारा हजारांची नजर होती! तिनं गॅसवर मोठा लोखंडी तवा ठेवला आणि फळीवरून डबाच काढला. वर्षाची संकेश्वरी मिरची, अडीच किलो, गावाहून आणलेली. ती तपासताना कस्टमवाला अकरा वेळा शिंकला होता आणि हात जोडून म्हणाला होता, यल्ला, घेऊन जा बाई. डबा तव्यावर उपडा झाला. तवा काळा, मिरच्या काळ्या, मास्कच्या काचा धुरकट. साबिरा श्वास घेतेय, शबनम घेतेय, डॅरेन घेतोय. कुणालाही काही नाही. मास्क कंपनीनं दिलेला होता, उत्तम होता.

बाहेर पहिली शिंक आली बस-ड्रायव्हर तुकारामला. निफाडचा माणूस, तिखट खाण्यात पटाईत. पण ही शिंक अशी आली की हातातला चहा सोळा फुटांवर उभ्या माणसाच्या शर्टावर. मग बॅगा चढवणारे खोकायला लागले. मग यादीतली नावं एकेक करून वाकली. डोळ्यांना धारा, घशात आग, कुणाला कुणी दिसेना. भोंगा नाही, स्फोट नाही, आणि अख्खं पटांगण गुडघ्यावर!

"गॅस!" कुणीतरी किंचाळलं. "गॅस! गॅस!"

कादिरचं रक्त गोठलं. इतके दिवस ज्याची भीती होती ते आलं. बायको, पोर घरात! त्यानं मास्क चढवला आणि भोंग्याचं बटण स्वतः दाबलं. आणि बससाठी नियम ठरलेला. गॅस आला की खिडक्या बंद करायच्या आणि वारा येतो त्या दिशेला गाडी काढायची, कुणासाठीही थांबायचं नाही. प्रवासी धडपडत आत शिरले, पोचवायला आलेले खालीच राहिले; तुकारामनं मास्क लावला, दार ओढलं आणि बस फाटकाकडे काढली.

डॅरेननं ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितली. चिकटपट्टीच्या फुलीपलीकडून बस हलताना.

साबिरा पुढे आयुष्यभर सांगायची, त्या वेळी तिनं त्याचे डोळे बघितले, मास्कच्या काचेआड, बशीएवढे. त्यानं बॅग उचलली. काठी उचलायची विसरला. दार उघडलं आणि सुटला.

एक, दोन, तीन. साबिरानं सवयीनं मोजलं. आणि चौथं पाऊल पडलं! पाचवं, सहावं, आणि मग मोजायला सवडच राहिली नाही. मास्क घातलेलं पोरगं, पाठीवर बॅग, बॅगेला लटकलेले बूट, वाळूच्या पोत्यांवरून उडी, खोकणाऱ्या माणसांच्या मधून डावीकडे, उजवीकडे, जसा गोलाकडे निघालाय. फाटकावरच्या शिपायानं हत्तीचं पिल्लू आलं असं समजून सलाम ठोकला. बस रस्त्याला लागलेली. कुणी म्हणतं चारशे पावलं पळाला, कुणी म्हणतं मैलभर. तुकाराम तर शपथेवर सांगायचा, "काटा साठवर होता आणि हा सोंडवाला माझ्या खिडकीशी पळत काच ठोकत होता. म्हटलं, गेलो मी, हा यमाचा दूत."

बस थांबली. डॅरेन दाराशी उभा राहिला. आत चढला नाही. खाली वाकून आपल्या गुडघ्याकडे बघत राहिला, जणू तो दुसऱ्याचाच गुडघा आहे. मग हातानं चाचपला. मग मास्क वर करून आकाशाकडे बघून असा ओरडला की तुकारामनं त्याला कॉलर धरून आत ओढलं.

दारात उभ्या साबिराला ते सगळं नीट दिसेना. काचा धुरकटलेल्या. तिनं मास्क काढला, त्या पोराला जाताना बघायला म्हणून. आणि आतून धुराचा लोट आला.

ठसका! असा ठसका, की ती दाराची चौकट धरून खाली बसली. खोकतेय, रडतेय, शिंकतेय, आणि हसतेय. "आला! शबनम, ठसका आला! उतरली गो, उतरली नजर!"

कादिर धावत आला तो बायकोपोर मेली असं धरूनच. आत शिरला. तवा बघितला. रिकामा डबा बघितला. मास्क काढला, एकदाच हुंगलं, आणि भिंतीला टेकला. "साबिरा," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ही तर आपली संकेश्वरी."

"तर काय! नजरच तेवढी होती."

"कुणाची उतरवत होतीस? अख्ख्या इराकची?"

"तुम्हीच म्हणालात, मी सांगेपर्यंत मास्क काढू नको. मग ठसका कळणार कसा?"

कादिरनं दाढी खाजवायला हात नेला, दाढी नव्हती. त्या संध्याकाळी त्यानं वॉर्डन म्हणून कंपनीला रिपोर्ट लिहिला. जखमी कुणी नाही, लोकांनी शिस्त पाळली, बस नियमाप्रमाणे काढली. वायूचा प्रकार या रकान्यापाशी तो बराच वेळ अडला. मग लिहिलं, अज्ञात. कंपनीनं त्याला शाबासकीचं पत्र दिलं. ते त्यानं कपाटात खालच्या कप्प्यात उपडं ठेवलं. आणि दोन महिने परकारांकडे फिकं कालवण शिजलं, ते त्यानं ताट पुसून खाल्लं.

त्या मंगळवारी रात्रीच्या जेवणाआधी हॉलिससाहेब धावत आला होता, फोनवरून तसाच. पोरगा पळाला. क्लबाच्या डॉक्टरनं घड्याळ लावलं, पुन्हा लावलं, आणि घड्याळ बिघडलंय म्हणून तिसऱ्यांदा दुसरं मागवलं. दोन वर्षांच्या करारावर सही झाली. मार्चमध्ये, लढाई संपल्यावर, साहेब पेपर घेऊन आला. डॅरेनचा फोटो, पुन्हा पानभर. पहिल्या चार सामन्यांत तीन गोल.

"डॅरेन विचारतोय," साहेबानं शबनमला सांगितलं, "शनिवारी मोठा सामना आहे, तीस हजार माणसं येणार. आँटी इथूनच काही करू शकतील का?"

साबिरानं पेपर हातात घेतला, फोटो दूर धरून बघितला, जवळ धरून बघितला. "तीस हजार," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "शबनमच्या अब्बा, दम्मामला त्या केरळवाल्याकडे मिरची मिळते म्हणे. पाच किलो आणा."

कादिर उठला. पायांत चपला सरकवल्या. पण दम्मामला नाही गेला. आधी एकेका घराचं दार वाजवून, पन्नासच्या पन्नास घरांना सांगून आला, शनिवारी सकाळी मास्क जवळ ठेवा.