बाराच्या आत

नारायणरावांनी कापसाची काडी टेबलाच्या कोपऱ्यावर टेकवली आणि हळूहळू फिरवायला सुरुवात केली. आधी आडवी, मग उभी, मग तिरकी. तळहाताएवढा चौकोन, त्याच्या बाहेर नाही. काडी नळीत सारून त्यांनी वरचं टोक मोडलं, नळी हलवली आणि स्वच्छता मोजायचं मशीन घेऊन उभ्या असलेल्या स्वप्निलच्या हाती दिली.

"एकोणीस," स्वप्निल म्हणाला. "बाराच्या वर. फेल."

"मी फार दाबून फिरवली का?"

"नाई सर. काल मी केलं तं एकवीस आलं होतं."

टेबलाच्या पलीकडे चतुराबाई ओलं फडकं धरून उभ्या होत्या. केसांवर जाळीची टोपी, गळ्यात निळा एप्रन. फडकं उलगडून त्यांनी स्वच्छ बाजू वर घेतली आणि पुन्हा पुसायला लागल्या. उजवा हात खांद्यापाशी अडत होता. भिंतीकडच्या कडेपर्यंत पोचायला त्यांना डाव्या हाताने टेबलाला रेटा द्यावा लागत होता.

"मावशी, राहू द्या ना आता," स्वप्निल म्हणाला. "पनीर यायची वेळ झाली."

"येऊ दे पनीर. त्याले काय पाय हायेत, पळून जाईन?"

नारायणराव हसले, आणि हसायला नको होतं की काय, अशा विचारात माधवीच्या केबिनकडे निघाले.

माधवी त्यांची अमरावतीच्या कॉलेजातली विद्यार्थिनी. सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात एवढ्या शंका विचारायची की नारायणराव आदल्या दिवशी दोनदा वाचून जात. अकोल्यात जठारपेठेतल्या दोन खोल्यांमध्ये तिने पनीर आणि श्रीखंड करायला घेतलं होतं. आता बार्शीटाकळीच्या रस्त्यावर तिची मोठी शेड होती, दुधाच्या गाड्या होत्या, आणि स्वच्छता तपासायला स्वप्निलसारखा वेगळा माणूस होता. तरी अडचण आली की फोन अमरावतीच्या राजापेठेतल्या निवृत्त सरांनाच यायचा.

"सर, नियम मीच केला," तिने खुर्ची पुढे सरकवली. "आठवड्यात दोनदा फेल, तर पनीरच्या टेबलावरून काढून बाहेर क्रेट धुवायला. बाकीच्या सगळ्या कधीच्याच क्रेटवर गेल्या. टेबलावर एकटी चतुरामावशी टिकली होती. आता तीही फेल होऊन राहिली. तिला सूट दिली तर बाहेरच्या माझं तोंड बघणार नाहीत. आणि तिला काढायचं म्हटलं तर..." ती थांबली. "मी शाळेत होती तेव्हापासून ओळखते मला. पहिला पगार मी तिलेच दिला सर. माझी जीभच उचलत नाही."

"मशीनच्या पुस्तकात तीस लिहून हाय," मागून आलेला स्वप्निल म्हणाला. "तीस ठेवा, सगळ्या पास. मावशीबी पास. पनीरच्या टेबलाले कावून बारा ठेवलं, हेच मले समजत नाही."

बारा का, हे नारायणरावांना माहीत होतं; तो आकडा त्यांनीच काढून दिला होता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

पुस्तकातला आकडा सगळ्यांसाठी असतो म्हणून तो कोणाच्याच टेबलाचा नसतो, असं ते वर्गात सांगत आणि आपण फार ठाम बोललो की काय म्हणून खिडकीबाहेर बघत. आपल्या जागेवर, आपल्या साबणानं, आपल्या माणसांनी मनापासून धुतल्यावर काय आकडा येतो ते बरेच दिवस बघायचं. त्याची सरासरी काढायची, वर थोडी मोकळीक द्यायची. ती आपली हद्द. त्याच्या आत पास, बाहेर नापास.

माधवीने धंदा सुरू केला त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत ही हद्द काढायला ते रोज अमरावतीहून बसने अकोल्याला येत. जठारपेठेतल्या त्या मागच्या खोलीत एकच टेबल होतं, नवंकोरं, एवढं चकचकीत की चेहरा दिसे. आणि धुणारी बाई एकच. चतुराबाई तेव्हा भरभर बोलत आणि त्याहून भरभर हात चालवत. आधी गार पाण्याने दुधाचा थर काढायचा, मग साबण, मग कढत पाणी. फडक्याचा पट्टा लांबून जवळ, एकावर एक चढता, शेतात नांगराचं तास धरावं तसा. नारायणराव काडी फिरवत तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून बघत.

"सर, हे मशीन हाय का नाक हाय?"

"यात काजव्याच्या अंगातलं रसायन असतं," त्यांनी बिचकत सांगितलं होतं. "अन्नाचा अंश राहिला असेल तर उजेड पडतो. जितका उजेड, तितका मोठा आकडा."

"व माय! म्हंजे उजेड पडला का आपल्या तोंडाले काळोख!"

माधवी हसता हसता खाली बसली होती. नारायणरावांनाही हसू आवरलं नव्हतं. कॉलेजात त्यांच्या तासाला कोणी हसत नसे. घराकडे परतताना मूर्तिजापूर येईपर्यंत ते वाक्य मनात घोळवत बसायचे, पण रात्री चारुशीलाबाईंना सांगायला गेले की त्यातली गंमत कुठेतरी सांडून गेलेली असायची.

त्या दिवसांच्या आकड्यांवरून बारा निघाला होता. दुसरी कोणी बाई तिथे नव्हतीच.

"बारा हा तिच्या हाताचा आकडा आहे," नारायणराव म्हणाले.

माधवीने टेबलावरचं पेन बाजूला सारलं. "म्हणजे इतकी वर्षं बाकीच्या बायांना मी मावशीसंगं पळवून राहिली होती. आणि आता मावशीलेच."

"तं तीस करून टाकू," स्वप्निल म्हणाला.

"तीस नको." आपला आवाज वर गेला हे नारायणरावांना जाणवलं. त्यांनी तो खाली आणला. "म्हणजे, तिच्यासाठी म्हणून नको. हे पनीर कोणीतरी आपल्या लेकराला भरवतं. पुन्हा मोजू. सगळ्यांचं. बाराच्या वर गेल्यावर खरंच काही बिघडतं का, तेही बघू. बिघडत असेल तर बाराच राहील."

"आणि मावशी?" माधवीने विचारलं.

नारायणरावांनी केबिनच्या काचेतून बाहेर पाहिलं. पनीरच्या लाद्या टेबलावर आल्या होत्या. चतुराबाई बाजूला सरकून भिंतीशी उभ्या होत्या आणि खांदा चोळत होत्या.

"मग तिला मी सांगेन," ते म्हणाले, आणि हे आपण का कबूल केलं, या विचाराने परतीच्या बसमध्ये त्यांना डुलकीही लागली नाही.

पुढचे काही आठवडे ते पुन्हा ये-जा करत राहिले. क्रेट धुणाऱ्या बायाही आळीपाळीने टेबलावर आल्या. सीमा नावाची एक तर मशीन बघून मागेच सरकली. "नको बाप्पा सर, ते मले पायताच लाल होते!" नारायणराव दोन काड्या घेत, एक मशीनसाठी, दुसरी बर्फात घालून अमरावतीच्या प्रयोगशाळेत नेण्यासाठी. भिंगातून त्यांनी टेबलही न्याहाळलं. सुऱ्यांनी त्यावर बारीक चऱ्यांचं जाळं विणलं होतं. चेहरा आता दिसत नव्हता, नुसता उजळ डाग दिसत होता.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत त्यांच्या जागी आता प्राजक्ता होती. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. दार उघडताच जिवाणू वाढवायच्या, तापवलेल्या अगारचा तो खारट, उकडल्यासारखा वास आला आणि नारायणराव उंबऱ्यातच रेंगाळले. कडेची लाकडी स्टुलं तीच होती. एकाचा पाय अजून डुगडुगत होता. बसावं असं वाटलं, पण आता आपण इथले नाही, म्हणून ते उभेच राहिले. प्राजक्ताने न बोलता ते डुगडुगतं स्टूल त्यांच्याकडे ढकललं.

"सर, पंचविसापर्यंतच्या सगळ्या प्लेटा जवळपास कोऱ्या आहेत," आठवड्याने तिने सांगितलं. "त्याच्या पुढे जिवाणूंची वाढ दिसते."

"पुन्हा एकदा लावून बघशील?"

"दोनदा लावल्या, सर."

"हो, पण... माझ्या मनात एक उत्तर आधीच आहे. म्हणून भीती वाटते."

"उत्तर तुमच्या मनात आहे सर. प्लेटांना कुठे माहीत आहे?" प्राजक्ता म्हणाली, आणि तरीही तिने तिसऱ्यांदा लावल्या.

घरी त्यांनी सरासऱ्या काढल्या, खोडल्या, पुन्हा काढल्या. सगळ्या बायांचे आकडे धरून, थोडी मोकळीक देऊन, पंचविसाच्या अलीकडे राहून हद्द बावीसवर येत होती. अकोल्याला जायच्या सकाळी चहा गाळता गाळता चारुशीलाबाई बघत होत्या.

"कोणाशी बोलताय मघापासून?"

"कोणाशी नाही. चतुराबाईंना कसं सांगायचं, ते जुळवतोय."

"बाई टेबलावर राहणार ना?"

"राहणार."

"मग आनंदाची बातमी अशी तोंड पाडून सांगतात का?"

नारायणरावांनी आकड्यांचा कागद घडी करून खिशात घातला. तोंड का पडलंय हे त्यांनाही नीट सांगता आलं नसतं.

शेडमध्ये पोचले तेव्हा सकाळची धुलाई चालली होती. माधवीने नवा आकडा बायांना आधीच सांगितला होता, मोरीपाशी हसण्याचा आवाज होता, आणि सीमा कोणाला तरी सांगत होती, "आता मले मशीनची आई आली तरी भेव नाही!" चतुराबाई तेवढ्या टेबलापाशी होत्या.

"चतुराबाई," नारायणरावांनी जुळवलेलं वाक्य काढलं, "टेबल जुनं झालंय. चरे पडलेत. त्यात दुधाचा अंश बसून राहतो. त्यामुळे कितीही चांगला हात असला तरी..."

"टेबलाचं नाव नका सांगू सर," चतुराबाई म्हणाल्या. "ते बापडं काय बोलते." त्यांनी फडकं पिळलं. "माधवीनं सांगतलं मले, बारा माह्या हाताचे होते म्हून. मी म्हटलं, मले तं तवाच मालूम होतं. दुसरं होतं कोण तिथं? तुमी, मी आन् ते काजव्याचं नाक."

नारायणरावांनी चष्मा सरळ केला.

"बावीस कावून केले? माह्यासाठी?"

"नाही. तपासून केले. बाविसाला पनीरला काही होत नाही."

"आन् होत असतं तं?"

"बाराच ठेवले असते."

"आन् मी क्रेट धुतले असते."

"हो," नारायणराव म्हणाले. "मीच येऊन सांगितलं असतं."

चतुराबाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग मान हलवली. "हे बरं झालं."

त्यांनी टेबल पुसायला घेतलं. लांबून जवळ, एकावर एक चढता पट्टा. हात मध्येच थांबे, दम घेई, पुन्हा थांबल्या जागेवरूनच पुढे निघे. पुसून झालं, टेबल वाळलं, तसं स्वप्निलने कोपऱ्यात काडी फिरवली. माधवी दारात येऊन उभी होती. मोरीपाशी बोलणं थांबलं.

"सतरा!" स्वप्निल मोठ्याने म्हणाला. "पास, मावशी! जा आता, च्या प्या निवांत."

बायांचा गलका झाला. सीमाने ओल्या हातांनीच टाळ्या वाजवल्या. माधवीने डोळे मिटून उघडले आणि हसली. मग एकेक करून सगळ्या आपल्या कामाला लागल्या. स्वप्निल मशीन टेबलावर ठेवून श्रीखंडाच्या भांड्यांकडे गेला.

चतुराबाई मात्र तिथेच होत्या. मशीनच्या पडद्यावरचा आकडा त्या बघत होत्या.

"सर," त्या हळूच म्हणाल्या. "बाराच्या हिशोबानं?"

दारातून माधवीने ते ऐकलं. चतुराबाईंच्या मागून तिने नारायणरावांकडे बघितलं आणि नको, नको अशी मान हलवली. नारायणरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग चतुराबाईंकडे.

"नापास," ते म्हणाले.

माधवीने ओठ घट्ट मिटले. चतुराबाईंच्या तोंडावर मात्र, इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच, काहीतरी मोकळं झाल्यासारखं दिसलं.

"असं ना," त्या म्हणाल्या. त्यांनी फडकं बादलीत बुडवलं, पिळलं, चारपदरी घडी घातली. "मंग सरका थोडे तिकडं."

नारायणराव सरकले. भांड्यांपाशी गेलेला स्वप्निल आवाज ऐकून परत आला.

"मावशी, पास झालं ना! मंग कावून पुसून राहिल्या?"

नारायणरावांनी टेबलाच्या कडेवरचं मशीन उचललं, बटण दाबून पडद्यावरचा सतरा पुसून टाकला, आणि चतुराबाईंचा हात थांबायची वाट बघत उभे राहिले.